नळ विचारत नाही

ललिताबाईंच्या घरात पाण्याचे दोन कायदे होते. घरच्यांनी ओट्यावरच्या नळाचं पाणी प्यायचं आणि पाहुण्यांना सीलबंद बाटली द्यायची. पाहुणा म्हणजे कोणीही. सोसायटीचे सेक्रेटरी, विम्याचा एजंट, भीमरावांचे बँकेतले जुने सहकारी. फार काय, गॅसची नळी तपासायला आलेला माणूससुद्धा बाटली घेऊनच जायचा. ओट्याखालच्या कपाटात छोट्या बाटल्यांचं खोकं कायम असायचं. ते संपत आलं की भीमराव मार्केट यार्डातून भाजीबरोबर नवं खोकं स्कूटरवर घालून आणायचे. पुण्यातला नवरा असूनही त्यांनी या खोक्याबद्दल बायकोला कधी ‘कशाला?’ म्हणून विचारलं नव्हतं. कशाला ते त्यांना ठाऊक होतं.

नवख्याला वाटावं, या बाईचा नळाच्या पाण्यावर विश्वास नाही. खरी गोष्ट अगदी उलटी होती. त्या नळाच्या पाण्यावर ललिताबाईंचा जेवढा जीव होता तेवढा आपल्या पाटल्यांवरही नव्हता.

सहकारनगरातली त्यांची इमारत जुनी, तीन मजल्यांची. बाकीच्या नळांना गच्चीवरच्या टाकीचं पाणी, पण ओट्यावरच्या नळाला महापालिकेची थेट लाइन. सकाळी पाणी यायचं आणि उन्हं चढली की जायचं. पाणी यायच्या वेळेला ललिताबाई ओट्यापाशी उभ्या असत, हातात अण्णांचा पितळी पेला घेऊन. अण्णा म्हणजे त्यांचे सासरे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पेला मात्र रोज घासून लखलखीत. आधी नळ खोकायचा, मग फुसफुसायचा, दोन-चार शिंतोडे उडवायचा आणि मग एकदम धार लागायची, बोटभर जाड, सरळ आणि थंड. थोडी सोडून द्यायची, मग पेला धरायचा. खिडकीतून उन्हाची तिरीप नेमकी तिथंच पडलेली असे आणि ती धार आतून उजळलेली दिसे.

इतकी वर्षं रोज पाहूनही ललिताबाईंच्या अंगावर काटा यायचा. कुठल्या डोंगरांवर पाऊस पडला, धरणात साठला, पर्वतीच्या जलकेंद्रात येऊन गाळून स्वच्छ झाला. तिथून कोणाच्या नजरेस न पडता रस्त्यांखालून निघाला. काही पेठांकडे गेला, काही स्वारगेटच्या गर्दीखालून पलीकडे गेला, आणि त्यातलाच थोडा दुसऱ्या मजल्यावर चढून आपल्या पेल्यात येऊन उभा राहिला. आपण केलं काय, तर तोटी फिरवली. एवढं मोठं काम आणि त्याचा आवाज एवढासा! भीमराव चिडवायचे, “नळाकडं अशी काय बघतेस, तो काही बोलणार आहे का?” ललिताबाई म्हणायच्या, “तो बोलत नाही, तेच तर बघते.”

हे बघणं त्यांना अण्णांनी शिकवलं होतं. अण्णांचं गाव सोलापूरच्या वाटेवरचं. गावात विहीर होती, पण आपल्या हातानं पाणी शेंदायची अण्णांच्या माणसांना मुभा नव्हती. लांब घागरी मांडून बसायचं आणि कोणाला दया येईल तेव्हा त्यानं वरून ओतायचं. फारच तहान लागली तर ओंजळ पुढं करायची. ओतणारा भांडं उंच धरायचा, शिवाशिव नको म्हणून. धार कधी ओंजळीत पडायची, कधी मनगटावर, कधी तोंडावर. तरुणपणी अण्णा पुण्याला आले, खडकीला कारखान्यात लागले आणि पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत त्यांनी खोली घेतली. वस्तीच्या तोंडाशी महापालिकेचा नळ होता. पहिल्या दिवशी अण्णांनी त्याची तोटी फिरवली, पाणी आलं. त्यांनी ती बंद केली. पुन्हा फिरवली, पुन्हा आलं. मागच्या बाई करवादल्या, “अहो, खेळताय काय नळाशी? रांग दिसत नाही का?” अण्णा बाजूला झाले आणि भिंतीकडे तोंड करून रडले. हे त्यांनी स्वतःच सुनेला सांगितलं होतं, हसत हसत.

“ह्यो नळ इचारत न्हाई,” ते म्हणायचे. “तू कोन, कुठला, कुनाचा, काय न्हाई. फिरीवला की आला.”

आयुष्यभर त्यांनी दोन गोष्टी पाळल्या. दर वीस मार्चला महाडला चवदार तळ्यावर गेले, आणि पुन्हा कधी ओंजळीनं पाणी प्यायले नाहीत. प्रवासात भांडं नसलं तर तहानलेले राहिले, पण ओंजळ पुढं केली नाही. पुढे भीमरावांना बँकेत नोकरी लागली, ललितालाही शिक्षण खात्यात लागली, दोघांनी मिळून हे घर घेतलं. स्वयंपाकघरात पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा ललितानं भारावून नळाला हात जोडले. अण्णा मागेच उभे होते.

“हात जोडायचं न्हाई, पोरी. देव न्हाई त्यो. पानी हाय. प्यायचं.”

आणि त्यांनी आपला पितळी पेला भरून तिच्या हातात दिला. तेव्हापासून रोजचा पहिला पेला उभ्यानं, काठोकाठ भरून, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचा, असा घरचा रिवाजच पडला.

आणि बाटल्यांचा कायदा आला तो त्यांच्या मुलाच्या, धम्मदीपच्या, नामकरणानंतर. त्या दिवशी भीमरावांच्या बँकेतले एक साहेब आले होते. मे महिना, भर दुपार, साहेबांचा सदरा पाठीला चिकटलेला. अण्णा स्वतः उठले, सकाळी नळावरून माठात भरलेलं पाणी घेतलं आणि पेला दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं धरला. “आत्ताच पिऊन आलो,” साहेब म्हणाले. पेला शेजारच्या स्टुलावर गेला. थोड्या वेळानं भीमरावांनी खालच्या दुकानातून थंड पेयाच्या बाटल्या आणल्या. साहेबांनी त्यांच्यातली एक उघडायला लावली आणि एका दमात रिकामी केली. बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या ललितानं सगळं पाहिलं. पाहुणे गेल्यावर अण्णांनी स्टुलावरचा भरलेला पेला उचलला, खिडकीशी बसून घोट घोट करत सगळा प्यायले, धुतला आणि पालथा घातला. त्यानंतर त्यांनी कुठल्याही पाहुण्याला आपल्या हातानं पाणी दिलं नाही.

ललिता त्या दिवशी एक गोष्ट शिकली. टोपणाला जात नसते. कारखान्यात बसवलेलं टोपण दिसलं की कोणीही निमूट पितं. आपला अपमान झाला तर आपण भांडू, रडू, गिळून टाकू. पण जे पाणी कोणाला विचारत नाही, ते कोणी नाकारलेलं या घरात पुन्हा दिसता कामा नये, असं तिनं मनाशी ठरवलं. बाजारात पाण्याच्या बाटल्या मिळायला लागल्या तशी तिनं सोय करून टाकली. पाहुण्याचीही सुटका आणि आपलीही. लोक म्हणायचे, ललिताबाई स्वच्छतेच्या फार. त्या म्हणायच्या, हो.

तर अशा या घरात एका संध्याकाळी धम्मदीप ऑफिसमधून आला आणि सरळ स्वयंपाकघरात आला. ललिताबाई मेथी निवडत होत्या.

“आई, रविवारी श्रद्धाचे आईबाबा येतायत. प्लीज, या वेळी बाटल्या नकोत.”

श्रद्धा त्याच्याच कंपनीतली, शनिवार पेठेतली. दोघांनी लग्न करायचं ठरवलं होतं आणि गेलं वर्षभर ती घरी येत-जात होती. ललिताबाईंना ती मनापासून आवडायची. मोठ्यानं हसायची, भाकरी थापायला शिकवा म्हणायची, चुकली तरी पुन्हा थापायची.

“का रे? उन्हाचे दिवस आहेत. बाटलीचं बरं असतं.”

“श्रद्धा काय म्हणते माहितीये? तुझी आई माझ्याशी एवढं छान बोलते, जाताना डबा भरून देते, पण पाणी मागितलं की समोर सील्ड बॉटल. म्हणते, मी त्या घरात अजून व्हिजिटरच आहे. काकू मला ‘तुझं तू घे’ असं कधी म्हणणार?”

ललिताबाईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. खरंच होतं ते. घरातल्या माणसाला कोण पाणी आणून देतं? त्याचं ते उठतं आणि घेतं. ज्या बाटलीनं आपण लोकांना मोकळं करतो असं त्यांना वाटत होतं, त्याच बाटलीनं ही पोर वर्षभर उंबऱ्याबाहेर उभी राहिली होती. त्यांना फार वाईट वाटलं.

“तू तिला कारण नाही सांगितलंस?”

“मला तरी कुठं सांगितलंयस तू? अंदाज आहे मला. पण तू कधी बोलली नाहीस.”

मग त्या बोलल्या. अण्णांचा पेला, स्टूल, साहेबांचा घाम, सगळं. धम्मदीप खाली मान घालून ऐकत राहिला.

“आणि समजा, त्यांनी पेला तसाच ठेवला तर?” त्यांनी विचारलं.

“तर ठेवला. निदान कळेल तरी.”

“तुला कळेल, बाबा. मला ते बघावं लागेल. आणि ते बघून मग त्याच माणसांना विहीण-व्याही म्हणावं लागेल.”

त्या आठवड्यात त्यांना नीट झोप लागली नाही. बाटली ठेवावी तर श्रद्धा परकीच राहते, पेला ठेवावा तर अण्णांची ती दुपार पुन्हा घरात येते. शिवाय आता न पिण्याला कारणंही ढीगभर झाली होती. पूर्वी एकच असायचं आणि ते कळायचं. आता कोणी फिल्टरचंच पितं, कोणी उकळलेलंच पितं, कोणी स्वतःची बाटली घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. त्यातलं खरं कारण कुठलं आणि पांघरूण कुठलं, हे चेहऱ्यावरून ओळखायची सोय राहिली नव्हती. शनिवारी रात्री त्या भीमरावांना म्हणाल्या, “उद्या पेलेच ठेवते.” भीमराव म्हणाले, “ठेव.”

रविवारी सकाळी पाहुणे आले. श्रद्धाचे वडील बद्रीनाथराव उंच, सडपातळ. पेठेतलं छपाईचं दुकान आता मुलावर सोपवून मोकळे झालेले. दोन जिने चढून आल्यावर दारातच म्हणाले, “लिफ्ट नाही. छान. हल्ली व्यायामाला लोक पैसे मोजतात.” त्यांच्या मागे भाग्यश्रीताई, श्रद्धाच्या आई. बोलायला मऊ, हसऱ्या. आल्या आल्या ललिताबाईंचे हात हातात घेऊन म्हणाल्या, “श्रद्धा तुमच्याबद्दल इतकं सांगते ना!” ललिताबाईंना बरं वाटलं.

मग त्या आत गेल्या. धार जोरात होती. त्यांनी काचेचे पेले भरले, ट्रेमध्ये मांडले आणि ट्रे उचलला. प्रत्येकासमोर एकेक पेला ठेवून त्या भीमरावांच्या शेजारी बसल्या.

बद्रीनाथरावांनी बोलता बोलता पेला उचलला, गटागटा रिकामा केला आणि खाली ठेवला.

“डायरेक्ट लाइनचं दिसतंय.”

“हो,” ललिताबाई म्हणाल्या.

“कळतं ना. टाकीचं पाणी जिभेला लगेच कळतं. आमच्या घरात बाटली येत नाही. फिल्टरसुद्धा लावू दिला नाही मी. विचारा हिला. पुण्यात राहून पाणी विकत घेणाऱ्याला मी म्हणतो, मग हवाही आणा की अर्धा लिटर!”

वर्षानुवर्षं खोकी वाहणारे भीमराव पंख्याकडे लक्ष देऊन बघू लागले. श्रद्धा खुदकन हसली. तिनं आपला पेला उचलला, आधी त्याच्याकडे आणि मग ललिताबाईंकडे बघितलं, आणि डोळे मिटून पाणी प्यायली. ललिताबाईंना भरून आलं. पण त्यांचे डोळे शेवटच्या पेल्याकडे होते. भाग्यश्रीताईंसमोरचा पेला काठोकाठ भरलेला, जागच्या जागी होता.

पोहे आले. पोह्यांचं कौतुक झालं. बद्रीनाथरावांनी “तिखट झालेत, पण चांगले झालेत” असा निकाल देऊन आणखी पाणी मागितलं. लग्न नोंदणी पद्धतीनं करायचं, की बौद्ध पद्धतीनं मंगल परिणय, की दोन्ही, असं बोलणं सुरू झालं. ललिताबाई मान डोलवत होत्या आणि त्यांना एक अक्षर ऐकू येत नव्हतं. तो पेला तसाच. काचेवर जमलेले बारीक थेंब ओघळून खाली टीपॉयवर पाण्याचं कडं उमटलं होतं.

आणि तेवढ्यात पोह्यातली मिरची लागून भाग्यश्रीताईंना ठसका लागला. डोळ्यांत पाणी, चेहरा लाल, शब्द फुटेना.

“आई, पाणी घे ना,” श्रद्धा म्हणाली.

भाग्यश्रीताईंचा हात पेल्यापर्यंत गेला. काचेला बोटं लागली. आणि तो हात परत मांडीवर आला.

“नको... होईल बरं. हल्ली बाहेर मी बाटलीचंच पिते गं.”

“कधीपासून?” बद्रीनाथरावांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

श्रद्धाचा चेहरा उतरला. धम्मदीपनं आईकडे बघितलं आणि मान खाली घातली. भीमराव उठायला लागले, पण ललिताबाई त्यांच्या आधी उठल्या होत्या.

“आहे ना. घरात बाटली आहे. आणते.”

स्वयंपाकघरात नळाखाली पातेलं भरत होतं. पाणी जायची वेळ जवळ आली की त्या भरून ठेवायच्या. ओट्याखालचं कपाट त्यांनी उघडलं. जुन्या खोक्यात काही बाटल्या उरल्या होत्या. एक हातात घेतली, प्लास्टिक कुरकुरलं. किती सोपं होतं! नेऊन द्यायची, त्या पितील, बोलणं पुढं सुरू होईल, लग्न होईल, आणि हा विषय जन्मभर कोणी काढणार नाही. अण्णांनीही काढला नव्हता. न प्यायलेला पेला ते स्वतः प्यायले, पण त्या साहेबाला त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. भीमरावांनी विचारलं नाही, ललितानं विचारलं नाही. नळ विचारत नाही, हे त्याचं मोठेपण झालं. पण आपण माणसं आहोत. आपण का नाही विचारायचं?

“ललिताताई, अहो, राहू द्या. उगाच त्रास नको.” भाग्यश्रीताई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

ललिताबाई वळल्या.

“एक विचारू? खरं सांगाल?”

“विचारा ना.”

“पाणी नको आहे, की आमचं नको आहे?”

पातेलं भरून पाणी बाहेर वाहू लागलं होतं. दोघींपैकी कोणीही नळ बंद केला नाही.

“मला दोन्ही उत्तरं चालतील,” ललिताबाई म्हणाल्या. “फक्त बाटलीचं सांगू नका.”

भाग्यश्रीताईंनी दाराची चौकट धरली. काहीतरी गोड बोलून सुटावं असं त्यांच्या ओठांशी आलेलं दिसत होतं. ते आलं आणि विरलं. नळातून आधी हवा निघते तसे दोन-तीन अर्धे शब्द निघाले, आणि मग त्या बोलल्या.

“मला कळत नाहीये हो. मी यातलं काही मानत नाही. खरंच मानत नाही. श्रद्धानं धम्मदीपचं नाव सांगितलं तेव्हा आमच्या घरात सगळ्यांत आधी हो मी म्हणाले. आणि आत्ता पाणी समोर आहे, ठसका लागलाय, आणि माझा हात उठत नाहीये. लहानपणी आजीचं, आईचं काय काय पाहिलं होतं... मला वाटायचं ते कधीच गेलं. इतकी वर्षं कुठं बसून होतं कोण जाणे. मला माझीच लाज वाटतीये.”

त्या रडू लागल्या. ललिताबाईंनी त्यांना जवळ घेतलं नाही. त्यांना संताप आला होता. हिचा हात जड झाला, ते ऐकून घ्यायचं आपण, आणि तेही आपल्याच ओट्यापाशी उभं राहून! पण त्या संतापाबरोबर दुसरंही काहीतरी मनात उभं राहत होतं आणि त्यानं त्या थक्क झाल्या. ‘आत्ताच पिऊन आलो,’ ‘तहान नाही,’ ‘घशाला चालत नाही’. जन्मभर त्यांनी हेच ऐकलं होतं. अण्णांनी तर त्याहून जास्त. खरं आज पहिल्यांदा कोणी बोललं होतं. आणि ते बोललं गेलं म्हणून छत कोसळलं नव्हतं, नळ थांबला नव्हता.

त्यांनी पातेलं बाजूला सरकवलं. हातातली बाटली ओट्यावर ठेवली. तिच्या शेजारी एक रिकामा पेला ठेवला.

“ही बाटली. हा पेला. हा नळ. मी ओतून देणार नाही. आमच्या माणसांना लोकांनी पिढ्यान् पिढ्या वरून ओतून दिलंय, म्हणून मी कोणाला ओतून देत नाही. तुम्हाला हवं ते आपल्या हातानं घ्या. काहीच घेतलं नाहीत तरी पोहे संपवून जा. लग्नाचं पोरं बघून घेतील, ती कोणासाठी थांबणारी नाहीत.”

खिडकीतून पर्वतीची टेकडी दिसत होती. ललिताबाईंनी तिकडे बोट केलं.

“तिथनं येतं हे. आणि तिथनंच तुमच्या शनिवारात जातं.”

“माहितीये,” भाग्यश्रीताई नाक पुसत म्हणाल्या. “ह्यांनी शंभरदा सांगितलंय.”

ललिताबाईंनी अण्णांचा पेला काढला. सकाळचा पहिला पेला कधीच पिऊन झाला होता, पण त्यांनी तो पुन्हा धारेखाली धरला. ऊन ओट्यावर आलं होतं. पितळ आणि पाणी दोन्ही एकदम उजळलं. त्या उभ्यानं प्यायल्या, शेजारी कोण काय करतंय तिकडे न बघता. आणि पिता पितानाच त्यांच्या लक्षात आलं, आणि डोळे भरून आले. या पाण्याचा अपमान कधी झालाच नव्हता. साहेबांनी पेला तसाच ठेवला तेव्हा नाही, आत्ताही नाही. त्या दुपारी अण्णा जे पाणी प्यायले ते इतकंच थंड, इतकंच गोड असणार. डोंगरांवरून उतरून, सगळ्या शहराखालून वाट काढत जे रोज न चुकता येतं, कोण घेतंय आणि कोण नाही याकडे न बघता येतच राहतं, त्याची अब्रू आपण कपाटातल्या खोक्यानं सांभाळत बसलो होतो. केवढं मोठं होतं ते, आणि आपण केवढ्याशा टोपणानं ते झाकलं!

शेजारी धारेचा आवाज बदलला. काचेचा पेला भरत होता. पेला भरला तरी भाग्यश्रीताईंनी तो काढला नाही, पाणी मनगटावरून वाहत होतं. त्यांनी तो ओठांना लावला. पहिला घोट गिळला, थांबल्या, आणि मग सगळा पेला एका दमात संपवला. हनुवटीवरून ओघळलेलं पाणी त्यांनी पदरानं पुसलं आणि डोळे मोठे करून ललिताबाईंकडे बघितलं.

“आमच्यासारखंच आहे हो!”

त्या हे इतक्या आश्चर्यानं म्हणाल्या की ललिताबाईंना हसू फुटलं.

“मग? वेगळं कुठनं येणार?”

भाग्यश्रीताईही हसल्या, रडता रडता. त्या हसण्यानं सगळं धुऊन निघालं असं काही झालं नाही. ललिताबाईंच्या मनात राग होता, आणि तो आणखी बरेच दिवस राहणार हे त्यांना माहीत होतं. पण आता तो मोकळ्यावर होता. विहिणीविहिणींनी भांडावं एवढी जागा दोघींच्या मधे तयार झाली होती, आणि विहीण म्हणताना जीभ अडत नव्हती.

“काकू...”

श्रद्धा दारात उभी होती. तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे, पण डोळे लाल होते. हातात तिचा रिकामा पेला.

“काकू, मला अजून थोडं पाणी हवं होतं.”

वर्षानुवर्षांच्या सवयीनं ललिताबाईंचा हात ओट्यावरच्या बाटलीकडे गेला. अर्ध्यातच थांबला. त्यांनी बाटली उचलून कपाटात टाकली, कपाट पायानं बंद केलं आणि नळापासून दोन पावलं बाजूला सरकल्या.

“तुझं तू घे,” त्या म्हणाल्या.

श्रद्धा पुढं आली, आणि आधी नळ बंद करून तिनं तो आपल्या हातानं पुन्हा सोडला. पाणी आलं.